खुर्ची पदवी विचारत नाही

१८ जुलै

प्रिय मामा,

पत्राच्या सुरुवातीला थोरामोठ्यांना काय काय लिहायचं असतं ते आईला विचारलं, तर तिने इतकी लांबलचक यादी सांगितली की ती लिहिता लिहिता माझा उत्साह मावळला असता. तेव्हा सगळे नमस्कार एकदमच घे आणि पुढे वाच.

मी कॉलेज सोडलं!

हे तुझ्यामुळे झालं, म्हणून पहिली बातमी तुला. परवा तू आमच्या कॉलेजात प्रमुख पाहुणा म्हणून आलास, तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते आणि डावी-उजवीकडच्या सगळ्यांना 'हा माझा मामा' असं सांगून बेजार केलं होतं. तू कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलास, माईक हातात घेऊन स्टेजच्या पार कडेला आलास आणि म्हणालास, "कॉलेजने मला काय दिलं? एक लाकडी बाक आणि पाठदुखी! त्या पाठदुखीतून माझा खुर्च्यांचा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या वर्षाला असताना मी कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडलो आणि मागे वळून पाहिलं नाही. खुर्ची पदवी विचारत नाही, मित्रांनो!" काय टाळ्या पडल्या! सगळ्यात जास्त आमचे प्राचार्य वाजवत होते. त्यांच्या नावाच्या आधी-नंतर मिळून इतक्या पदव्या आहेत की त्यांच्या दारावरची पाटी दोन ओळींची करावी लागली आहे. बहुधा त्यांचं लक्ष नसावं.

मग तू आमच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणालास, "ज्याच्यात धमक आहे त्याने उद्या सकाळी ऑफिसच्या खिडकीवर जावं, नाव काढावं आणि सरळ माझ्याकडे यावं!" ते बोट माझ्यावरच होतं, हे मला शंभर टक्के माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. खिडकीतल्या क्लार्ककाकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "पोरी, विचार केलास का?" मी म्हटलं, "माझ्या मामाने केलाय." मामाचं नाव पुढे काढायचंच आहे, सुरुवात म्हणून स्वतःचं काढलं.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती वकिलांच्या ऑफिसात दिवसभर टायपिंग करून येते आणि चपला काढायच्या आधी विचारते, "आज काय शिकवलं?" तुझ्याकडचं नेमणुकीचं पत्र हातात पडलं की तेच तिच्यासमोर धरीन. तेव्हा लवकर कळव, कधीपासून येऊ?

फोन केला असता, पण 'फोनवर विचार होत नाही, तरुणांनी हाताने पत्रं लिहावीत' असं तूच म्हणालास. शिवाय तुझा फोन नेहमी सेक्रेटरीबाई उचलतात आणि तू नेहमी मीटिंगमध्ये असतोस.

तुझी धमकवाली भाची

२९ जुलै

चि. भाचीबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला. म्हणजे आधी छातीत कळ आली. ऊर भरून आला असेल, असं तुझी मामी म्हणाली.

बेटा, भाषण हे भाषण असतं. सभागृहात पंखे कमी, मुलं जास्त, जेवायची वेळ झालेली. अशा वेळी वक्त्याला आवाज चढवावा लागतो. त्यात 'उद्या सकाळी' असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ उद्या सकाळी असा नसतो. इतकी वर्षं मी हे भाषण करतोय, पण कोणी खरंच खिडकीवर गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आणि गेली कोण, तर घरचीच! क्लार्ककाकांना जाऊन सांगता येईल का, की ताप होता, तापात सही केली? विचारून बघ.

ते जमत नसेल तर हरकत नाही. संघर्ष कर! संघर्षासारखा गुरू नाही. मात्र एक लक्षात घे. मी भाचीला थेट कामावर घेतलं तर लोक बोटं दाखवतील. माझ्या संस्थेत वशिला चालत नाही, हेही मी भाषणात सांगत असतो (तो भाग वेळेअभावी तुमच्याकडे राहून गेला). तेव्हा तू रीतसर अर्ज कर. नात्याचा उल्लेख नको. बावनकशी असशील तर आपोआप चमकशील.

ताईला इतक्यात काही सांगू नकोस. तिला त्रास होईल, आणि मग तिचा फोन मला येईल.

तुझा मामा

२० ऑगस्ट

माननीय महोदय,

आपल्या संस्थेचे पत्र मिळाले. त्यातला मजकूर आपल्याला ठाऊक असेलच, कारण खाली सही आपली आहे. तरी आपण कामात असता म्हणून उतरवून काढते.

'आपला अर्ज मिळाला. आपल्या उत्साहाचे कौतुक वाटते. तथापि आमच्या संस्थेत कोणत्याही पदासाठी उमेदवार किमान पदवीधर असणे आवश्यक असल्याने आपला विचार करता येत नाही. पदवी प्राप्त झाल्यावर पुन्हा अवश्य संपर्क साधावा.'

आणि सहीच्या खाली, सोनेरी वळणदार अक्षरांत छापलेलं: 'खुर्ची पदवी विचारत नाही.'

मी ते पत्र सरळ वाचलं, उलटं करून वाचलं, उजेडात धरून पाहिलं. मग आपल्या सेक्रेटरीबाईंना फोन केला. त्या बिचाऱ्या फार गोड बोलल्या. म्हणाल्या, "नियम साहेबांचाच आहे हो. आमच्याकडे चहा देणारे काकासुद्धा पदवीधर आहेत, इतिहासाचे." खुर्ची विचारत नसेल महोदय, पण खुर्चीवाला विचारतो.

मग मामीला फोन केला. मामी म्हणाली, आपल्या चिरंजीवांची, म्हणजे आमच्या दादाची, एक पदवी झाली, आता दुसरीसाठी अर्ज भरलाय. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. अर्थ आत्ता कळला.

आईला अजून माहीत नाही. मी रोज सकाळी वह्या घेऊन बाहेर पडते आणि बागेत बसते. बागेतल्या बाकांना पाठ नाही, तेवढं आपल्या कारखान्याने पाहावं.

आपली नम्र
अपात्र उमेदवार

२ सप्टेंबर

चि. भाचीबाईस,

'महोदय' वाचून वाईट वाटलं. इतकं रागवायचं नसतं.

माझ्या सहीचा शिक्का सेक्रेटरीबाईंच्या खणात असतो. एवढ्या अर्जांना मी स्वतः नकार देत बसलो तर खुर्च्या कधी करणार? आता नियमाबद्दल. नियम माझा आहे, नाही म्हणत नाही. पण त्यामागे अनुभव आहे. सुरुवातीला मी धमकवाली मुलं घेतली होती. माझी भाषणं ऐकूनच आली होती. एकही टिकला नाही. सगळे सहा महिन्यांत म्हणाले, "सर, तुम्हीच सांगता ना, फाटकातून बाहेर पडा," आणि पडले. पदवीधराचं तसं नसतं. पदवीधर म्हणजे काय? ज्याला वर्षानुवर्षं एका जागी बसून, समोरचा बोलतोय ते पटो न पटो, मान डोलवायची सवय झाली आहे. ऑफिस चालवायला आणखी काय लागतं?

दादाचं म्हणशील तर त्याचं वेगळं आहे. त्याच्यात जिद्द नाही. ज्यांच्यात जिद्द नाही त्यांना पदवी लागते. तुझ्यात आहे, म्हणून तर मी निर्धास्त आहे.

तरी मला विचारशील तर तू परत जा आणि पदवी घेऊन टाक. आहे काय त्यात, कागदाचा एक तुकडा! चुटकीसरशी वर्षं सरतात. मग रीतसर अर्ज कर. हे मात्र बाहेर कुठे बोलू नकोस. पुढच्या महिन्यात माझी तीन भाषणं आहेत.

मामा

१४ फेब्रुवारी

मामा,

इतके महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलंय.

आई रोज विचारायची आणि मी रोज रचून सांगायची. एकदा बागेत बसून मी अर्थशास्त्रातला, पुरवठ्याचा एक नवा नियमच काढला आणि संध्याकाळी आईला समजावून दिला. आठवडा गेला आणि मी त्याच्या बरोब्बर उलटं सांगितलं. आई पोळपाट धुता धुता थांबली. म्हणाली, "मागच्या वेळी तू किंमत वाढली की माल कमी होतो म्हणालीस. आज वाढतो म्हणतेस. सर बदलले, की तू खोटं बोलतेस?" मामा, तिला सगळं पाठ होतं. मी पहिल्या वर्षापासून जे जे सांगत आले ते सगळं. मला वाटायचं ती माझ्यावर पहारा ठेवते. ती माझ्यामागून कॉलेज करत होती.

मी सांगून टाकलं. भाषण, खिडकी, तुझ्या ऑफिसचं पत्र, सगळं. आई ओरडली नाही. वाळलेली चादर काढून आणली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि घडी घालता घालता म्हणाली, "तुझा मामा पदवीधर आहे."

तू तिन्ही वर्षं पूर्ण केलीस म्हणे. दुसऱ्या वर्गात पास झालास. पदवीदानाला आई रजा काढून आली होती. तू भाड्याचा गाऊन घातला होतास आणि बाह्या इतक्या लांब होत्या की प्रमाणपत्र घ्यायला तुझा हातच सापडेना. तुझ्या खुर्च्यांची पहिली ऑर्डर हॉस्टेलमधल्या खोलीच्या जोडीदाराच्या वडिलांनी दिली. फाटकातून बाहेर पडून मागे न पाहणारा माणूस हॉस्टेलच्या खोलीतून ऑर्डर घेऊन आला, हे तू कुठल्याच भाषणात का सांगत नाहीस?

आणि आणखी एक. घरातून एकालाच शिकवता येणार होतं. गुण आईचे जास्त होते. मुलगा तू होतास. हे ती अशा आवाजात म्हणाली की जणू दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट सांगतेय. मी विचारलं, "मग तू आजवर गप्प का?" तर म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मलाही येतं म्हणायला. पण त्याचा धंदा त्या गोष्टीवर चाललाय. भाऊ आहे." मला तुझा इतका राग आला की चादरीची घडी वाकडी झाली. ती आईने पुन्हा घातली.

सध्या मी फरशा आणि नळ विकायच्या दुकानात आहे. काम वाईट नाही, आमचे मॅनेजरही चांगले आहेत, कामात हुशार आहेत. फक्त त्यांना खुर्ची आहे आणि मला दिवसभर उभं राहायचंय. पुढे काय, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पदवी असती तर तुझं नाव वर पाठवलं असतं." आणि खरं सांगू? मला परत जायचंय, पण फक्त नाव वर जावं म्हणून नाही. आमचे अर्थशास्त्राचे एक सर मला आवडायचे. वाक्याच्या मध्येच खोकायचे आणि पुढचं वाक्य काय असेल त्याचा मी अंदाज बांधायची. हे मला आवडत होतं, हे तुझ्या भाषणाच्या वेळी माझ्या लक्षातच आलं नाही.

खिडकीवर जाऊन आले. दुसऱ्या वर्षाची माझी जागा केव्हाच भरली. नव्या वर्षाच्या प्रतीक्षा यादीत माझं नाव पहिलं आहे. क्लार्ककाका म्हणाले, "कोणी सोडलं तरच. पण तुझ्यासारखं खूळ सगळ्यांच्या डोक्यात शिरत नाही."

भाची

१ मार्च

चि. भाचीबाईस,

पत्र फाडून टाकलं. तूही हे फाड.

तू समजतेस तसं काही नाही. मी खोटं बोललो नव्हतो. फार वर्षांपूर्वी एका वार्ताहराने विचारलं, कॉलेजचा उपयोग काय झाला? मी गमतीत म्हटलं, काही नाही, बाकावर बसून पाठ धरली. दुसऱ्या दिवशी मथळा: 'कॉलेजला रामराम, खुर्च्यांचा बादशहा!' मी खुलासा पाठवणारच होतो. पण त्या आठवड्यात इतक्या ऑर्डरी आल्या की वेळ मिळाला नाही. मग व्याख्यानांची आमंत्रणं आली. पास झालेल्या माणसाला कोण बोलावतं गं? दुसऱ्या वर्गात पास झालेले गल्लोगल्ली पडलेत. फाटकाची गोष्ट मात्र मी स्वतः घातली. ती लोकांना फार आवडते.

ताईच्या गुणांबद्दल लिहिलंस. त्यावर सविस्तर लिहायचं आहे, पण बाहेर पाहुणे आले आहेत.

तुझ्या नोकरीचं मी ठरवलं आहे. ये. नियम बाजूला ठेवतो, भरपूर गादी असलेली खुर्ची देतो. फक्त ऑफिसात कोणी विचारलं तर पदवीधर आहे म्हणून सांग. बाकीच्यांना वाईट वाटायला नको. मी असून नाही म्हणतो, तू नसून आहे म्हण, म्हणजे घराण्याचा हिशेब बरोबर राहील.

तुमच्या प्राचार्यांचं पुन्हा आमंत्रण आलंय, जुलैसाठी. नाही म्हणता आलं नाही.

मामा

२० जून

मामा,

पदवीबद्दल खोटं बोलायला आपल्या घरात एक माणूस पुरे आहे. मी फरशा विकतेय तेच बरं.

यादीत अजून पहिलीच आहे. वर्ग सुरू झाले, कोणी हललं नाही. दुकान उघडायच्या आधी मी रोज खिडकीवर जाते. काल तिथे प्राचार्य भेटले. मी तुझी भाची हे त्यांना आठवत होतं. मी कॉलेज सोडलंय हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं. म्हणाले, "वा! मग पाहुण्यांचा परिचय तूच करून दे. कितव्या वर्षाला आहेस?" मी म्हटलं, "प्रतीक्षेच्या." ते म्हणाले, "छान, छान, खूप अभ्यास कर."

मी हो म्हटलंय.

भाची

२७ जून

चि. भाचीबाईस,

सोबत परिचय लिहून पाठवला आहे. यातला एकही शब्द बदलू नये. 'फाटक' या शब्दानंतर थोडं थांब, तिथे टाळी येते.

परवा माझ्याकडून एक खुर्ची ताईला पाठवली आहे, टायपिंगसाठी. कंबरेला आधार मिळतो. पोचली का कळव.

मामा

२५ जुलै

मामा,

खुर्ची पोचली. आईने ती शेजारच्या आजींना दिली. म्हणाली, ऑफिसातल्या खुर्चीची सवय झालीय.

समारंभ तू खुर्चीतून पाहिलास. माईकमागून काय दिसलं ते मी सांगते. तुझा कागद मी घडी करून मुठीत ठेवला आणि माईकसमोर म्हणाले, "आजचे पाहुणे माझे मामा आहेत. त्यांनी कॉलेज सोडलं नाही. तिन्ही वर्षं पूर्ण करून ते दुसऱ्या वर्गात पास झाले आहेत. पदवीदानाला माझी आई हजर होती." वाटलं, आता सभागृह चिडीचूप होईल. आणि सगळे हसत सुटले! प्राचार्यांनी तर डोळे पुसले. तू उठलास, माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "मामाची खोडी भाची नाही काढणार तर कोण काढणार!" त्यावर आणखी टाळ्या. खरं बोलले म्हणून इतक्या टाळ्या मला जन्मात पहिल्यांदा मिळाल्या, आणि विश्वास एकाचाही बसला नाही. मग तू तेच भाषण केलंस. फाटकानंतर थांबलास. टाळी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर माझ्याआधी एक मुलगी उभी होती. एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात अर्ज. दुसऱ्या वर्षाची. मला ओळखून म्हणाली, "काय बोलतात हो तुमचे मामा! रात्रभर झोप नाही."

मी तिला हाताला धरून पाण्याच्या टाकीपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. तुझी पदवी, हॉस्टेलचा जोडीदार, तुझ्या ऑफिसातला नियम, मला आलेलं पत्र. अगदी हात जोडले. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला नोकरी दिली नाही, म्हणून तुम्ही जळता." आणि जाऊन अर्ज दिला.

क्लार्ककाकांनी तिचं नाव खोडलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "चल, आण तुझा." मी म्हणू शकले असते की दोन दिवस थांबा, तिचं डोकं ठिकाणावर येईल. पण तोवर माझा हात खिडकीत गेलेला होता. मला आनंद झाला मामा. खूप झाला. संध्याकाळपर्यंत त्याची लाज वाटायला लागली, पण सकाळी झाला होता तो आनंदच होता.

जागा मिळाल्याचं ऐकून आई दारातच बसली, चपलांसकट.

त्या मुलीने तुझा पत्ता मागितला. तो मी दिला आहे.

भाची

१४ ऑगस्ट

चि. भाचीबाईस,

हे काय करून ठेवलंस?

ती मुलगी सोमवारी आली. माझ्यासमोर बसून तिने माझं भाषण मला म्हणून दाखवलं. माझ्यापेक्षा बरं म्हणते. मी सांगितलं, आमच्याकडे पदवी लागते. ती हसली. म्हणाली, "सर, नियम ओलांडण्यासाठीच असतात, आठवतं ना?" हेही मीच कधीतरी म्हणालो असणार. शेवटी दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "हे बघ बाळ, मी पदवीधर आहे." ती इतकी हसली की बाहेरून सेक्रेटरीबाई आत डोकावल्या. "सर माणसं पारखतात," म्हणाली, "मी थांबते बाहेर. मागे वळून पाहणार नाही."

तेव्हापासून ती बाहेर बसलेली आहे. रोज सकाळी येते, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसते, संध्याकाळी जाते. खुर्ची आमचीच असल्यामुळे पाठही दुखत नाही. आल्यागेल्या गिऱ्हाइकाला फाटकाची गोष्ट सांगते. गिऱ्हाइकं म्हणतात, हिलाच घ्या. घेतली तर नियम मोडला, उद्या दारात रांग लागेल. हाकलली तर ती बाहेर जाऊन काय सांगेल? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

काल तिच्या वडिलांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये नव्हतो, घ्यावा लागला. माणूस भांडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "तुम्ही या म्हणालात, ती आली. आता तिचं काय करायचं ते तुम्ही सांगा." मी त्यांना शुभेच्छा दिल्या.

तू तुमच्या क्लार्कशी बोल. तिला परत घ्या म्हणावं, एकच तर मुलगी आहे. प्राचार्यांना मी सांगतो. हवं तर सभागृहाला नव्या खुर्च्या देतो. पण तिला इथून ने.

मामा

२१ ऑगस्ट

मामा,

क्लार्ककाकांशी बोलले. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जागा नाही. सभागृहातल्या खुर्च्या वाढवून वर्गातल्या जागा वाढत नाहीत. तिची जी जागा होती, तिच्यावर मी बसते. खिडकीजवळची, पंख्याखालची.

उठावं का, असा विचार मी केला. खरंच केला, दोनतीन दिवस जेवण गेलं नाही. आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून आली, चपला पायातच होत्या, आणि तिने विचारलं, "आज काय शिकवलं?" मी सगळं खरं सांगितलं, आणि तिने एका ठिकाणी थांबवून शंका विचारली, ती मला सुटली नाही. उद्या सरांना विचारायची आहे. मी उठणार नाही.

त्या मुलीचं नाव मात्र प्रतीक्षा यादीत घालून आले. पहिलंच आहे. क्लार्ककाका म्हणाले, तिला धीर धरायला सांग, एखादी तरी जागा दरवर्षी रिकामी होतेच. तुझं पुढचं भाषण कधी आहे, एवढंच त्यांनी विचारलंय.

भाची